रात्र बरी गेली का?



आजचं वाचन महाभारतातलं आहे आणि ते एका पर्वात मावत नाही. भीष्मपर्वाचा शेवट, शांतिपर्वात कृष्ण भीष्मांना भेटायला येतो तो भाग आणि अश्वमेधपर्वाची अगदी सुरुवात, असे तीन तुकडे एकत्र वाचायचे आहेत. तिन्ही वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा यवतमाळ जिल्हा होता. बरा न होणारा आजार घेऊन घरी परतलेली माणसं, आणि त्यांच्या किंवा अचानक गेलेल्या कुणाच्या मागे उरलेली घरं. या दोन गोष्टींबद्दल आपल्या सत्संगात फारसं बोललं जात नाही. आत्मा अमर आहे एवढं सांगून आपण मोकळे होतो.

शरपंजरी पडलेले भीष्म आपण कॅलेंडरवर आणि मालिकेत पाहिलेले असतात. बाणांची गादी, पांढरी दाढी, भोवती हात जोडून उभी मंडळी. त्यामुळे तो प्रसंग म्हणजे उपदेशाची बैठक, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मूळ कथा सावकाश वाचली तर उपदेश खूप उशिरा येतो. आधी येते उशी.

दहाव्या दिवशी भीष्म पडतात. अंग बाणांवर तोललेलं, पण डोकं खाली लोंबकळतंय. ते उशी मागतात. राजे धावत जाऊन मऊ, भारी उशा आणतात. भीष्म त्या नाकारतात आणि अर्जुनाकडे बघतात. अर्जुन डोळे पुसत तीन बाण मारतो आणि त्यांवर डोकं टेकवतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचंही तसंच. सगळे थंड पाण्याचे घडे आणतात, खायला आणतात. त्यांना हवं असतं ते अर्जुनाने जमिनीतून काढलेलं पाणी. म्हणजे सेवा करायला आलेल्यांचा भाव खरा होता, वस्तूही उत्तम होत्या, फक्त पडलेल्या माणसाला त्या नको होत्या. त्याला काय हवंय हे ओळखणारा एकच निघाला.

या दोन प्रसंगांच्या मधे एक छोटीशी गोष्ट आहे, ती आपण वाचून पुढे जातो. दुर्योधन शल्यवैद्य घेऊन येतो. बाण काढण्यात निष्णात, सगळी साधनं बरोबर. भीष्म त्यांचा अपमान करत नाहीत. यांना धन द्या, मान द्या आणि परत पाठवा, असं सांगतात. उपचार थांबवायचा निर्णय रुग्णाचा, तोही शुद्धीत, सगळ्यांसमोर घेतलेला. वैद्य परत जातात, पण माणसं जात नाहीत. भोवती खंदक खणला जातो, पहारा बसतो, आणि पुढे उत्तरायणापर्यंत लोक येतच राहतात. बाणांवरच्या त्या रात्री ५८ होत्या, हे भीष्म स्वतःच सांगतात.

आता आपल्याकडे या. "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या." हे वाक्य ऐकलेलं नाही असं घर आमच्या भागात विरळा. डॉक्टरांच्या दृष्टीने ते बरोबरच असतं, कारण बरं करण्यासारखं खरंच काही उरलेलं नसतं. पण घरच्यांना ऐकू येतं ते असं, की आता तुमचं तुम्ही बघा. इथे वैद्यही जातात आणि बाकीचेही जातात.

ही मधली जागा भरून काढणारं जे शास्त्र आहे त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि शेवटच्या काळात जिथे ही सेवा मिळते ती जागा म्हणजे हॉस्पिस. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये केली. माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते, मनाची, पैशाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, आणि या सगळ्यांकडे एकत्र बघावं लागतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच राज्यात, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं, शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. नागपुरात स्नेहांचल आहे. पण यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि उमरखेडकडच्या माणसाला तर नांदेडच जवळचं. पडून असलेल्या माणसाला एवढं अंतर न्यायचं म्हणजे गाडीभाडं आलं, सोबत दोन माणसं आली, त्यांची बुडालेली मजुरी आली. म्हणून आमच्याकडे हॉस्पिस म्हणजे शेवटी घरातली बाज.

माझ्या मोठ्या मामांची बाज मी पाहिली आहे. दारव्हा तालुक्यातलं गाव, कोरडवाहू कापूस आणि तूर. तोंडात कायम खर्रा, आणि मग तोंडाचाच कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक झाले, आजार उलटला आणि वरचं वाक्य ऐकून ते घरी आले. घरच्यांनी त्यांना आतल्या खोलीत ठेवलं. कारण जखम उघडी पडलेली, वास यायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यांना लाज वाटू नये असं मामीला वाटायचं. भेटायला येणाऱ्यांनी फळं आणली, जी त्यांना गिळता येत नव्हती. कुणी अंगारा आणला, कुणी पंचवीस नंबर दिले. मावसभावाने एक दिवस सरळ विचारलं, "मामा, तुमाले काय पाहिजे?"

"माही बाज ओसरीत टाका."

कापूस घरी येण्याचे दिवस होते. त्यांना गाडी भरलेली बघायची होती.

पण ओसरीत यायचं तर त्या वासाचं काय? इथे एका नर्सताईंनी रस्ता काढला. त्यांनी डॉक्टरांना फोनवर विचारलं आणि मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर कशी भुरभुरायची ते शिकवलं. साधी, स्वस्त गोळी. दोन-तीन दिवसांत वास एवढा कमी झाला की शेजारची पोरं परत बाजेजवळ खेळायला लागली. (हे वाचून कुणी आपल्या मनाने करू नका, डॉक्टरांना विचारूनच.) मामा पुढे अडतीस दिवस होते. ते सगळे ओसरीत गेले.

आता शांतिपर्व. युद्ध संपलंय, युधिष्ठिर राजा झालाय आणि आतून कोसळलाय. कृष्ण त्याला घेऊन भीष्मांकडे जातो आणि म्हणतो, याला धर्म सांगा. भीष्मांचं उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. अंग जळतंय, शक्ती नाही, मन ठिकाणावर नाही, वाचा फुटत नाही, मी काय सांगणार? ज्यांना इच्छामरणाचा वर होता, ज्यांच्याइतका ज्ञानी त्या रणांगणावर कुणी नव्हता, ते म्हणतात की या दुखण्यात मला बोलता येणार नाही.

कृष्ण त्यावर, तुम्ही ज्ञानी आहात, देहाकडे लक्ष देऊ नका, असं सांगत नाही. तो वर देतो: दाह, वेदना, थकवा, भूक, तहान, काही त्रास देणार नाही, बुद्धी स्वच्छ राहील. मग सगळे निघून जातात, रात्र जाऊ देतात, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्यावर कृष्ण आधी रात्र बरी गेली का, याची चौकशी करतो. भीष्म सांगतात की हो, दाह गेला, शीण गेला. त्यानंतर महाभारतातला तो प्रचंड उपदेश सुरू होतो. आधी वेदना शमली, मग धर्म आला. हा क्रम भगवंताने स्वतः पाळलाय, आणि मी तो कधी विसरणार नाही.

आपल्या काळातल्या त्या वराचं नाव मॉर्फिन. नाव ऐकूनच घरातले घाबरतात: सवय लागेल, नशा येईल, लवकर जातील. कॅन्सरच्या तीव्र वेदनेत योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं तोंडी मॉर्फिन हे जगभर मान्य औषध आहे आणि ते महागही नाही. अडचण वेगळीच होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर ते दवाखान्यात ठेवायला इतके परवाने लागायचे की बहुतेकांनी ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सोपी झाली. तरी तालुक्याच्या गावी ते सहज मिळेल अशी अपेक्षा अजून ठेवता येत नाही. केरळचं उदाहरण म्हणूनच मोठं वाटतं. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे गल्लीगल्लीत शेजाऱ्यांचे गट उभे राहिले. औषध डॉक्टर ठरवतात, पण घरी जाऊन बसणं, अंग पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवणं, पोरांच्या शाळेचं बघणं, हे शिकलेले शेजारी करतात. वारीत दिंडी चालवणाऱ्या माणसांना यातलं अवघड काय आहे, सांगा बरं.

एक छोटा प्रसंग राहिला. भीष्म पडल्यावर सगळे आपापल्या शिबिरात गेले की कर्ण एकटा येतो. दोघांमध्ये आयुष्यभर कडवटपणा. भीष्म पहारेकऱ्यांना दूर करतात आणि एका हाताने त्याला जवळ घेतात. घरात कुणी शेवटच्या टप्प्यात असेल तर असा एखादा कर्ण दारापर्यंत येऊन परत जात असतो. भावकीत वावराच्या बांधावरून बोलणं बंद असलेला. त्याला आत घ्या, आणि थोडा वेळ बाकीचे बाहेर जा.

मागे राहणाऱ्यांचं काय? इथे अश्वमेधपर्वाची सुरुवात वाचा. भीष्म गेले, युधिष्ठिराने गंगेत उदक दिलं, बाहेर आला आणि काठावर कोसळला. भीमाने त्याला धरलं. मला हे पहिल्यांदा वाचताना थांबावं लागलं. या माणसाने नुकतंच संपूर्ण शांतिपर्व आणि अनुशासनपर्व ऐकलंय! साक्षात कृष्ण बाजूला, व्यास बाजूला. तरी दुःख परत आलं. व्यास त्यावर थोडे चिडतातही, पण सोडून कुणी जात नाही. आणि पहिल्यांदा त्याची समजूत कोण काढतं, तर धृतराष्ट्र, ज्याचे शंभर मुलगे गेलेत तो.

आम्ही आयटीवाले तिकीट क्लोज केलं की विषय संपला म्हणतो. समाजाने दुःखाचं तिकीट तेराव्या दिवशी क्लोज करायचं ठरवलेलं दिसतं. तेरा दिवसांची रीत वाईट नाही, उलट फार शहाणी आहे. चूल पेटत नाही, शेजारून डबे येतात, घरात सतत माणूस असतो. पण चौदाव्या दिवशी? मामी चौथ्या महिन्यात फोनवर मला म्हणाली, "तेरवीपर्यंत लोकं होते. मंग ज्याचे त्याचे वावरात." तिच्याकडे रोज संध्याकाळी एकच बाई यायची, मागच्या आळीतली. बोलायची कमी, दोघी मिळून तूरडाळ निवडायच्या.

'तेरवं' याच नावाचं एक नाटक विदर्भात आलं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. नवऱ्याने आत्महत्या केल्यानंतर शेतकऱ्याची बायको कशी जगते, हे त्यात अशाच घरांतल्या स्त्रियांनी स्वतः उभं केलं. त्यांतल्या एक, आमच्या जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. वादांमुळे ते संमेलन लक्षात राहिलं, पण माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट ही होती की दुःख भोगलेली बाई मंचावर बसली आणि जमलेल्या साहित्यिकांनी तिचं ऐकलं.

अशा मृत्यूंमध्ये दुःखावर अजून एक ओझं असतं. २००६ पासून शासन अशा कुटुंबाला एक लाख रुपये देतं, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. पण आधी ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. नियम लागतोच, मान्य. तरी चुलीपाशी बसलेल्या बाईला आपल्या नवऱ्याचं मरण अपात्र ठरलं, हे कागदावर वाचावं लागतं. त्यात गाव कुजबुजतं, सासर कधी बोट दाखवतं. तिला गीतेचा दुसरा अध्याय नको असतो. तिला सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे सोबत येणारं कुणीतरी हवं असतं.

काही कामं सुरू आहेत. २०१५ मध्ये राज्याने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. आशाताई घरोघर विचारपूस करतात आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवतात. पण एका आशाताईमागे साधारण हजार लोकसंख्या, आणि लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळं तिच्याच डोक्यावर. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला आणि ऐकून घ्यायला शिकवलं. २०१७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण आधी मदत घेत होते, दीड वर्षाने ते २७ झाले. बाहेरून मोठा तज्ज्ञ आणून बसवला म्हणून हे झालं नाही. ऐकणारा माणूस गावातच तयार झाला.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे पुण्या-मुंबईत, बंगळुरूत आहात आणि गाव तिकडे आहे. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून हात जोडलेले दोन इमोजी लावले की आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं. ते टाका, हरकत नाही. त्याच वेळी फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या घरासाठी चाळीसावा दिवस, शंभरावा दिवस आणि पहिला सण टाकून ठेवा. पोळा आला की फोन करा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. आपण नाव घेतलं म्हणून त्यांना आठवण येते असं नसतं, ती आलेलीच असते. "काही लागलं तर सांगा" यावर कुणी कधी काही सांगत नाही, त्यापेक्षा "शनिवारी येतोय, बँकेचं काम करून टाकू" असं म्हणा. आणि समोरचा जगणं नकोसं झाल्यासारखं बोलला तर उपदेश न करता त्याच्यासोबत थांबा, घरच्यांना सांगा आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावून द्या. तो मोफत आहे, मराठीतही बोलतात.

काय बोलायचं ते सुचत नसेल तर कृष्णाने विचारलं तेवढं विचारा. मामीला मी हल्ली तेच विचारतो. कधी ती "हो" म्हणते, कधी "नाई लागला डोळा बाप्पा" म्हणून अर्धा तास बोलते.

उद्या अश्वमेधपर्वच पुढे वाचू, व्यास युधिष्ठिराला मरुत्त राजाची गोष्ट सांगतात तिथून.

राम कृष्ण हरी.