सौर पॅनेलची तार किती जाड असावी?

सौर पॅनेल खरेदी करताना गृहस्थ त्याची वॉटशक्ती पाहतो, बॅटरीची क्षमता विचारतो. परंतु या दोहोंना जोडणाऱ्या तारेविषयी ‘मिळेल ती चालेल’ अशीच त्याची सर्वसाधारण वृत्ती असते. वस्तुतः पॅनेलने निर्माण केलेल्या विजेपैकी किती वीज बॅटरीपर्यंत पोचणार आणि ती बॅटरी किती काळ टिकणार, या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी तारेच्या जाडीवर अवलंबून असतात.

वीज वाहून नेणारी प्रत्येक तार विद्युत्प्रवाहाला काही ना काही विरोध करते. या विरोधास रोध म्हणतात. तार जितकी लांब, तितका रोध अधिक. जितकी जाड, तितका तो कमी. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार प्रवाहाला रोधाने गुणले असता तारेत खर्ची पडणारा दाब व्होल्टमध्ये मिळतो. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर काटछेद असलेल्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ०.०१७२ ओहम असतो. उन्हाने तार ६० अंशांपर्यंत तापली, तर तो जवळजवळ ०.०२० ओहम होतो. छपरावरून येणाऱ्या तारेसाठी हा दुसरा आकडाच हिशेबात धरावा.

घरातील २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यात दोन-अडीच व्होल्टची घट जाणवतही नाही. १२ व्होल्टच्या सौर संचात मात्र तेवढीच घट संचाचे काम बिघडवते. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पश्चिम बंगालमधील सुंदरबनच्या बेटांवर मुख्य वीजवाहिन्या पोचण्यापूर्वी असंख्य घरांनी अशा लहान सौर संचांवर दिवे लावले. समजा, तेथील एका घराने नारळीच्या झाडांची सावली टाळण्यासाठी पॅनेल अंगणाच्या टोकाला उभारले आहे आणि तेथून बॅटरीचे अंतर १५ मीटर आहे. प्रत्येकी १०० वॉटची दोन पॅनेले समांतर जोडलेली आहेत. प्रत्येकाचा कार्यकारी दाब १८ व्होल्ट व प्रवाह ५.५ अँपिअर, म्हणजे एकूण प्रवाह ११ अँपिअर होतो. प्रवाहाला जाण्यासाठी एक व परतण्यासाठी एक अशा दोन तारा लागतात. म्हणून लांबी १५ नव्हे, तर ३० मीटर धरली पाहिजे. येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो.

घरातील प्लगसाठी वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तार येथे घातली, तर तिचा रोध ०.२४ ओहम व दाबातील घट २.६४ व्होल्ट होते. ही तार ११ अँपिअर प्रवाह सहज सोसते, धोक्याइतकी तापत नाही. म्हणून ती योग्यच आहे असा समज होतो. परंतु सुमारे २९ वॉट वीज वाटेतच उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. भर दुपारी पॅनेल स्वतः तापते आणि त्याचा १८ व्होल्टचा दाब साडेपंधरा व्होल्टच्या आसपास उतरतो. त्यातून २.६४ व्होल्ट वजा जाता १३ व्होल्टसुद्धा उरत नाहीत. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यास सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. साहजिकच बॅटरी भरत आली की प्रवाह मंदावतो आणि सूर्यास्तापर्यंत ती अर्धवटच राहते. दीर्घकाळ अर्धवट भरलेल्या अशा बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिचे आयुष्य घटते. दोष बॅटरीला दिला जातो. खरे कारण तार असते.

योग्य माप काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही तारांची एकूण लांबी, प्रवाह आणि ०.०२० यांचा गुणाकार करून त्याला चालू शकेल एवढ्या घटीने भागावे. ही घट साधारणतः तीन टक्के धरतात. १८ व्होल्टचे तीन टक्के म्हणजे ०.५४ व्होल्ट. यावरून काटछेद १२.२ चौरस मिलिमीटर येतो. बाजारात ४, ६, १०, १६ अशी ठरावीक मापे मिळतात. त्यांपैकी लगतचे वरचे, म्हणजे १६ चौरस मिलिमीटरचे माप घ्यावे.

एवढे तांबे महाग वाटत असल्यास दोन उपाय आहेत. बॅटरी पॅनेलच्या जवळ आणून अंतर आठ मीटर केले, तर १० चौरस मिलिमीटरची तार पुरते. दुसरा उपाय म्हणजे पॅनेलांची एकसर जोडणी. अशा जोडणीत दाब ३६ व्होल्ट होतो व प्रवाह ५.५ अँपिअरच राहतो. मग १५ मीटर अंतरालाही ४ चौरस मिलिमीटरची तार पुरेशी होते, कारण दाब दुप्पट झाला की लागणारा काटछेद एकचतुर्थांश होतो. मात्र बॅटरी १२ व्होल्टचीच असेल, तर अधिक दाबाचे रूपांतर करून प्रवाह वाढवणारा एमपीपीटी नियंत्रक आवश्यक ठरतो.

तार उघड्यावर राहणार असल्याने तिचे विद्युतनिरोधक आवरण ऊन सोसणारे असावे. साधे पीव्हीसी आवरण काही वर्षांत तडकते. सुंदरबनसारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार हितकर असते. बॅटरीलगत तारेच्या क्षमतेहून अधिक नसलेला, एकदिश प्रवाहासाठी बनवलेला फ्यूज बसवावा. कारण तारा एकमेकींस चिकटल्या, तर बॅटरीतून क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहून आग लागू शकते.

तारेवरील खर्च आणि वाया जाणारी वीज यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जुनाच आहे. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखला गेलेला शास्त्रज्ञ, याने १८८१ मध्ये त्याचे उत्तर दिले होते. तांब्यात गुंतवलेल्या रकमेवरील वार्षिक खर्च आणि तारेत नष्ट होणाऱ्या विजेची वार्षिक किंमत समान असतील, तेव्हा एकूण खर्च सर्वांत कमी होतो. लहान सौर संचात या हिशेबात बॅटरीचे मूल्यही मिळवावे लागते. आणि ते मिळवल्यावर जाड तार बहुधा स्वस्तच ठरते.