वाण सरस कोणता?

एकच ज्वारी निरनिराळ्या कसोट्यांवर पारखली जाते. पैदासकार हेक्टरी धान्य मोजतो, कीटकशास्त्रज्ञ खोडमाशीमुळे झालेली पोंगेमर पाहतो. संख्याशास्त्रज्ञ विचारतो, हा फरक वाणाचा की जमिनीच्या कसाचा? म्हणून प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या जागी पेरतात.

१९६४ मध्ये प्रसारित झालेला सीएसएच-१ हा संकरित वाण धान्यात सरस ठरला. परंतु त्याची ताटे बुटकी, म्हणून कडबा कमी, आणि पावसात सापडलेले दाणे काळे पडत. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ रब्बीत कडबा व भाकरी यांसाठी आजही पसंत केली जाते.

सबब, गोठ्यात जनावरे असल्यास शेतकरी बंधूंनी केवळ धान्याच्या आकड्यावरून वाण निवडू नये. तुलना करावयाची ती एकाच शेतात, एकाच दिवशी पेरून करावी.