आंब्याची अढी पोरांच्या ताब्यात द्या

मे महिन्यात कोकणातल्या घरी गोतावळा जमतो तेव्हा म्हाताऱ्यांची सोय कशी लावायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि पाच-सात वर्षांची पोरं आपली आपण अंगणात रमतात. अडतं ते मधल्यांचं. आठवीतला भाचा, दहावी देऊन आलेली पुतणी, क्लासवाल्यांच्या हातापाया पडून चार दिवस सोडवून आणलेला नातू. ही मंडळी ओटीवरच्या खांबाला टेकून मोबाइलात डोकं घालून बसतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "आमच्या वेळी असं नव्हतं हो." आता घराची सूत्रं तुम्हा सुना-लेकींच्या हाती जायची आहेत. म्हणून मला एवढी वर्षं माणसांचा राबता सांभाळताना जे उमगलं ते सांगून ठेवते. पटेल ते घ्या.

या वयाच्या मुलाला घरात पाहुणाही करू नये आणि बाळही. पाहुणा केलात तर तो कंटाळतो, बाळ केलंत तर चिडतो. त्याला एक काम द्यायचं. तेही "जा, जरा पाणी आण" असलं हरकाम्याचं नव्हे, तर तो चुकला तर घराचं खरोखर नुकसान होईल असं. आणि एकदा दिलं की आपण त्यात नाक खुपसायचं नाही. हे शेवटचं सर्वांत कठीण, विशेषतः तुमच्या नवऱ्यांना.

आमच्याकडे असं काम म्हणजे आंब्याची अढी. सकाळी उन्हं चढायच्या आत झेला घेऊन बागेत जायचं. झाडावर चढणं सराईत गड्याचं काम, मुलांनी जमिनीवरूनच झेला चालवायचा. आंबा झेल्याच्या जाळीत घेऊन देठासकट तोडायचा, ओढून तोडलात तर देठ निखळतो, चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. तोच चीक अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा. हे सगळं एकदाच दाखवायचं, मग मागे उभं राहून सूचना करत बसायचं नाही. पहिल्या दिवशी चार आंबे पडतील, फुटतील. त्यांचं पन्हं करा.

मग माळ्यावर किंवा माजघराच्या कोपऱ्यात पेंढा अंथरून अढी घालायची. डाग पडलेले, ठेचलेले आंबे वेगळे काढायचे, कारण एक नासला की शेजारचे चार नासवतो. अढी पिकायला आठ-दहा दिवस तरी लागतात. त्या दिवसांत रोज एकाने पेंढा हलक्या हाताने बाजूला करून पाहायचं, देठाजवळ वास घ्यायचा, बोटाने दाबायचं नाही. आता खरी मेख ऐका. कुठला आंबा आज खाली येईल, रसाला कुठला, कापायला कुठला आणि मुंबईला परत जाणाऱ्या काकांच्या पेटीत कुठला, हे ठरवण्याचा हक्क त्या अढीवाल्याचा. घरातल्या थोरल्या पुरुषालाही आंबा हवा असेल तर त्याने चौदा वर्षांच्या पोरीकडे मागायचा. तिने "उद्या मिळेल" म्हटलं तर उद्या. एवढं पाळलंत तर त्या पोरीला सकाळी उठवायला लागत नाही, हे मी पैजेवर सांगते.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांनी हिरमुसू नये. आठवडी बाजार आहे. पंधरा माणसांच्या दोन दिवसांच्या भाजी-किराण्याची यादी, रोख पैसे आणि पिशव्या मुलांच्या हाती द्या. उरलेल्या पैशांचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवू दे. कोथिंबीर विसरून येतील. विसरू देत. बिनकोथिंबिरीच्या आमटीने कुणी उपाशी राहत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. मुलींना स्वयंपाकघर आणि मुलांना क्रिकेट अशी वाटणी आपोआप होते. कुणी करत नाही, होते. फणस फोडायला मुलांना बसवा, हाताला खोबरेल लावून. चिकाने हात बरबटले की मोबाइल आपसूक खाली राहतो. गरे काढताना सगळे गोल करून बसलेले असतात, नजर फणसावर, आणि तेव्हाच ही मुलं बोलतात. समोर बसवून "काय रे, कसं चाललंय?" विचारलंत तर "बरं" याच्या पलीकडे अक्षर निघायचं नाही. शेजारी बसून, दोघांचे हात कामात असले की मात्र शाळेतलं भांडण, मैत्रिणीचा अबोला, कुठल्याशा विषयाची भीती, सगळं बाहेर येतं. तेव्हा आपण उपदेश करायचा नाही. आठळ्या वेगळ्या करत राहायचं.

उशिरा उठण्यावरून घरात जेवढी कटकट होते तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसेल. ऐकून घ्या, हा सगळा आळस नव्हे. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात, आणि शाळा-क्लासच्या रगाड्यात ती वर्षभर मिळत नाही. सुट्टीत भरून काढतात बापडी. अढीवाला सोडून बाकीच्यांना झोपू द्या. फक्त नियम स्वच्छ असावा. नऊपर्यंत उठेल त्याला गरम आंबोळी मिळेल, त्यानंतर उठेल त्याने झाकलेला मऊभात आपण गरम करून घ्यायचा आणि ताट घासून ठेवायचं. यावर आईने मुलाची बाजू घ्यायची नाही आणि आजोबांनी टोमणा मारायचा नाही.

टोमण्यांवरून आठवलं. माणसं यायच्या आधीच मोठ्यांना फोन करून बजावायचं की टक्केवारी हा विषय ओटीच्या पायरीबाहेर. दहावी-बारावीचे निकाल नेमके याच दिवसांत लागतात. "किती पडले?", "कुठली साइड घेणार?", "त्यांच्या मुलाला बघ" या तीन वाक्यांनी सुट्टीचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं पावसानेही केलं नसेल. वजन, उंची, पिंपल्स, मिशी यांवरही बोलायचं नाही. आणि परदेशातून आलेल्या नातवाचं मराठी अडखळलं तर हसायचं नाही. एकदा हसलात की तो पुढची सगळी सुट्टी इंग्रजीत काढतो. अमेरिकेतल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनमध्ये सुटतात, म्हणजे ही मुलं येईस्तोवर आंबा संपत आलेला आणि पाऊस दारात. त्यांच्यासाठी नाताळची सुट्टी धरा. थंडीतलं कोकण काही कमी नाही.

मुलींच्या पाळीचंही आत्ताच सांगते. न्हाणीघरातल्या फळीवर पॅड ठेवा, टाकायला कागद आणि झाकणाची बादली ठेवा. कुणाला कुजबुजत मागायला लागू नये. आणि कुठल्याही पोरीला चार दिवस बाजूला बसवायचं नाही. माझ्या सासूबाई असत्या तर मला बोलल्या असत्या, पण आता घर माझं आहे आणि उद्या तुमचं.

समुद्र. याचीच मला सर्वांत धास्ती, कारण सोळा वर्षांच्या मुलाला "जाऊ नको" म्हटलं की तो हटकून जातो. म्हणून त्यालाच भरती-ओहोटीचं गणित शिकवून ठेवा. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पुरी भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशोब आहे, बंदराबंदराला थोडं मागेपुढे होतं. मुलाला कालनिर्णयावरून तिथी काढू दे, उत्तर काढू दे आणि मग मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून बघू दे. आजोबांचं गणित आणि मोबाइल यांच्यात फरक किती मिनिटांचा निघतो याची आमच्याकडे रोज चर्चा चालते. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा गुडघ्याच्या वर उतरायचं नाही. मे सरता सरता पावसाआधीची हवा लागते आणि समुद्र खवळायला लागतो, तेव्हा गावातल्या कोळ्याने "आज नको" म्हटलं की विषय संपला. ज्याच्याकडे वेळापत्रक आहे त्याच्याकडे लहानांना किनाऱ्यावर नेण्या-आणण्याची जबाबदारी द्या. सोबत एक मोठं माणूस हवंच, पण त्याने मागून चालायचं. दुसऱ्याची पोरं सांभाळायची म्हटलं की दांडगोबासुद्धा शहाण्यासारखा वागतो.

फिरायला एकच मोठा दिवस ठेवा. रोज गाडी काढून देवळं, किनारे, हॉटेलं केलीत तर म्हातारे थकतात, मुलं मागच्या सीटवर झोपतात आणि ड्रायव्हर झालेला जावई मनातून शिव्या देतो. तो एक दिवस मुलांनी ठरवायचा. किल्ला घ्यायचा तर विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आहेतच. हे तिन्ही जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. पण माझं ऐकाल तर मुलांना सड्यावर न्या, कातळशिल्पं दाखवायला. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, जे जवळ पडेल ते. जांभ्या कातळात कोरलेली ही चित्रं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती कुणी कोरली, का कोरली, हे आजही कुणाला नेमकं सांगता येत नाही, आणि नेमकं तेच या वयाला आवडतं. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की जवळ उभं राहिलं तर सोंड कुठली आणि पाय कुठला कळत नाही. माहितीचा धबधबा सोडू नका, मुलांना त्याच्याभोवती चालू द्या आणि कोण आधी हत्ती ओळखतं ते बघा. मात्र उन्हं कलल्यावर जा. दुपारी सडा तव्यासारखा तापतो.

मोबाइलचं म्हणाल तर काढून घेण्याच्या भानगडीत पडू नका. ओटीवर एक चार्जिंगची जागा करा. जेवायला बसताना आणि रात्री पत्ते मांडल्यावर सगळ्यांचे फोन तिथे. सगळ्यांचे म्हणजे आधी काकांचे, ज्यांना जेवताना शेअरबाजार बघावा लागतो, आणि आत्याचा, जिला सुप्रभात पाठवायचं असतं. मोठ्यांनी पाळलं तर मुलं कुरकुर करतात पण पाळतात. उरलेल्या वेळी त्याच मोबाइलला कामाला लावा. ट्रंकेतले जुने फोटो काढा, आजीला शेजारी बसवा, ती नाव सांगेल ते मुलांनी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हळू लिहायचं. कोण, कुठे, अंदाजे कुठल्या साली. शाईचं पेन नको, ती पुढे उमटते. मग प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर काढून घ्यायचा. आजीची हरकत नसेल तर बोलणंही रेकॉर्ड करायचं. आमच्या आत्याबाईंनी या निमित्ताने एका लग्नातलं जे भांडण सांगितलं, ते चाळीस वर्षं घरात कुणी उच्चारलं नव्हतं. पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःहून ट्रंक घेऊन बसली.

रात्री पत्ते. लहान-मोठे मिसळून जोड्या पाडायच्या, नवरा-बायको किंवा मायलेक एका बाजूला बसवायचे नाहीत. मेंढीकोट चालेल, झब्बू चालेल. पाच-तीन-दोनला तिघंच लागतात, म्हणून आजोबा, एक मोठं नातवंड आणि एक जावई असं त्रिकूट बसवून द्या. तीस पानांचा डाव, ज्याच्यावर पाच हात करायची पाळी तो हुकूम बोलणार. आजोबा चिडतील. चिडू देत. मुद्दाम हरायचं मात्र कुणी नाही, या वयाला ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो.

आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मूल म्हणालं, "मला परत जायचंय, मित्र वाट बघतायत," तर मनाला लावून घेऊ नका. जाऊ द्या, पेटी बांधून द्या. धरून ठेवलेलं मूल पुढच्या वर्षी येत नाही.

राहता राहिली तारखांची गोष्ट. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात यायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं हवं. त्यात कुणाची नीट, कुणाची सीईटी, कुणाचा क्लास. तेव्हा फेब्रुवारीतच फोन करा, आणि तो मुलांच्या आयांना नको. थेट मुलांना करा आणि विचारा, "यंदा अढी कुणी घ्यायची?"