संगणकातील भावाची वही

व्यापारात जिनसेचे नाव स्थिर असते, भाव मात्र स्थिर नसतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सारी मांडणी या एका भेदावर उभी आहे. संगणकात भाव ‘भरला’ की काम झाले, अशी समजूत पुष्कळ पेढ्यांवर दिसते. आम्हां धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांना तर दिवसातून दोनदा भाव पालटावा लागतो. म्हणून तो आत कोठे व कसा राहतो, हे मालकाने स्वतः जाणणे अगत्याचे आहे.

डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा संग्रह. माहिती अशा तक्त्यांत ठेवण्याचा सिद्धान्त आय.बी.एम.चे संशोधक एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला. खतावणीत जसे प्रत्येक खात्यास पान, तसा येथे प्रत्येक जिनसेस क्रमांक असतो. भावाशी संबंध येतो तो मुख्यतः तीन तक्त्यांचा.

पहिला तक्ता जिनसांचा. त्यात नाव, प्रत, एकक व कराचा दर असतो. तूरडाळीचा 50 किलोचा कट्टा व 25 किलोची लेबल लावलेली बंद पिशवी या दोन निराळ्या जिनसा म्हणून लिहाव्या. कारण 18 जुलै 2022 पासून अशा 25 किलोपर्यंतच्या पिशवीवर 5 टक्के जी.एस.टी. लागतो, त्याहून मोठ्या कट्ट्यावर लागत नाही. दर क्विंटलचा आणि विक्री कट्ट्याची असेल, तर एका कट्ट्याचे वजनही येथेच नोंदवावे.

दुसरा तक्ता भावांचा. त्यात जिनसेचा क्रमांक, गिऱ्हाइकाचा वर्ग, मालाची मर्यादा, दर व तो लागू होण्याची तारीख असे रकाने असतात. टॅलीमधील ‘प्राइस लेव्हल’ व ‘प्राइस लिस्ट’ यांची योजना अशीच आहे. येथे नियम एकच : जुना भाव खोडू नये, नव्या तारखेची नवी ओळ लिहावी.

तिसरा तक्ता बिलांचा. बिल होताच त्या वेळचा दर बिलाच्या ओळीत कायमचा उतरला पाहिजे. समजा, 5 तारखेस 40 क्विंटल डाळ 11,200 रुपये दराने विकली, 8 तारखेस भाव 11,450 झाला आणि 10 तारखेस माल परत आला. बिलात दर उतरलेला नसेल व जुना भाव खोडलेला असेल, तर संगणक नव्या दराने रक्कम जमा दाखवील आणि पेढीस 10,000 रुपयांचा भुर्दंड बसेल. भाव उतरलेला असेल, तर तोच भुर्दंड गिऱ्हाइकास बसेल. आणि पैशाचे नुकसान भरून निघते, गेलेली पत भरून निघत नाही.

पैशांच्या नोंदीतही एक खोच आहे. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्यामुळे 10 पैसे म्हणजे 0.10 हा आकडा त्याला त्या रीतीने तंतोतंत लिहिता येत नाही. म्हणून रक्कम दशांश प्रकारात किंवा पूर्ण पैशांत साठविणे हाच बिनचूक मार्ग होय.

सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे : जुने भाव तारखेसह राहतात काय? बिलातील दर नंतर आपोआप बदलतो काय? भाव कोणी व केव्हा बदलला, याची नोंद राहते काय? जी.एस.टी. कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. पहिल्या व तिसऱ्या प्रश्नास ‘होय’ आणि दुसऱ्यास ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तरच ती वही आपल्या गादीवर ठेवण्यास योग्य समजावी.