वाहिनीचा लोगो आणि आपली मालकी

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीतल्या आमच्या गच्चीवरून मी पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेचं चित्रण केलं आणि यूट्यूबवर टाकलं. एका वृत्तवाहिनीने ते न विचारता उचललं, कोपऱ्यात लोगो लावला आणि बातम्यांत दाखवलं. पुढे ते बातमीपत्र वाहिनीच्या यूट्यूबवर चढलं आणि माझ्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला! संताप झाला, पण हरकत नोंदवली. मूळ फाइल मी जपून ठेवली होती. तिच्यात तारीख-वेळ होती आणि वाहिनीने कापलेली सुरुवातही होती: आई शेजाऱ्यांना हाका मारतेय, मग कॅमेरा रस्त्याकडे वळतो. दावा मागे घेतला गेला.

तेव्हा कायदा नीट वाचला, तो इतरांच्या उपयोगी पडावा.

मालकी : स्वतःहून केलेलं चित्रण आपलंच. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र कुणी पैसे देऊन करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक तो. हक्क विकताना सहीचा कागद लागतोच. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात.

वाहिनीचा हक्क : प्रसारणावर वाहिनीचा २५ वर्षं स्वतंत्र हक्क असतो, पण त्याने मूळ चित्रण तिचं होत नाही. हे आपल्यालाही लागू आहे. टीव्हीवरची आपली मुलाखत घरी पाहायला रेकॉर्ड करा, खुशाल करा. ती जशीच्या तशी यूट्यूबवर टाकायची तर वाहिनीची परवानगी घ्या.

बचाव : चालू घडामोडींचं वार्तांकन, समीक्षा यांसाठी थोडा भाग वापरायला १९५७च्या कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ मालकाचं नुकसान होतं का, हे न्यायालय पाहतं. वाहिनीही हा बचाव घेऊ शकते. पण वापरायची मुभा मिळाली म्हणून मूळ मालकावर दावा ठोकता येत नाही. आणि नुसतं ‘सौजन्य’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. आपलं चित्रण टीव्हीवर दिसलं की वाहिनी, तारीख, वेळ यांसह ते रेकॉर्ड करून ठेवा. कुणी ‘वापरू का?’ विचारलं तर कुठे, किती काळ, किती मोबदल्यात, हे लिहून घ्या. खोट्या दाव्याच्या धमक्या येत राहिल्या तर कलम ६०खाली न्यायालयात जाता येतं. घाबरून आपला व्हिडिओ काढून टाकू नका.