तंडुलपेय अर्थात ‘तांदळाचे दूध’ : गृहनिर्माण विधी, गुणविचार व मर्यादा

प्रस्तावना

‘वैद्यराज, दूध पचत नाही, त्याऐवजी तांदळाचे दूध चालेल का?’ हा प्रश्न अलीकडे प्रत्येक चिकित्सालयात वारंवार विचारला जातो. सोयाबीन, बदाम, ओट व तांदूळ यांपासून केलेली पेये तयार पाकिटांतून मिळू लागली आहेत आणि त्यांतील तांदळाचे पेय घरी करण्यास सर्वांत सोपे व स्वस्त असल्याने त्याची विचारणा अधिक होते. औषधालयाच्या फळीवरही हाच प्रश्न येतो, व अनेकदा वैद्याकडे येण्यापूर्वीच येतो. म्हणून या पेयाचा निर्माणविधी, त्याचे आयुर्वेदीय कल्पनांतील स्थान आणि विशेषतः त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

आमचे प्रतिपादन प्रारंभीच सांगतो. हे पेय म्हणजे पेयाकल्पनेचे आधुनिक भावंड आहे. पेया म्हणून ते उत्तम आहे. दूध म्हणून ते दूध नाही.

संज्ञाविचार

शास्त्रात ‘क्षीर’ शब्दाची व्याप्ती निश्चित आहे. चरकाचार्यांनी गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंटीण, घोडी, हत्तीण व स्त्री अशी आठ क्षीरे सांगितली आहेत. वनस्पतींच्या संदर्भातही सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात क्षीराचा उल्लेख येतो; परंतु ती क्षीरे स्नुही, अर्क व अश्मंतक यांची, म्हणजे शोधनासाठी वापरावयाचे चीक आहेत. धान्य वाटून गाळलेल्या पांढऱ्या द्रवास शास्त्रकारांनी क्षीर म्हटलेले नाही. त्यासाठी मंड, पेया, यवागू, विलेपी व तंडुलोदक या स्वतंत्र संज्ञा आहेत. म्हणून या लेखात यापुढे आम्ही ‘तंडुलपेय’ हाच शब्द योजीत आहोत.

अग्र्यसंग्रहात शूकधान्यांत लोहितशाली श्रेष्ठ व जीवनीय द्रव्यांत क्षीर श्रेष्ठ असे स्वतंत्रपणे सांगितले आहे. दोन्ही द्रव्ये आपापल्या ठिकाणी श्रेष्ठ आहेत. एकाचे कार्य दुसऱ्यावर सोपविता येत नाही.

शास्त्रीय कल्पनांशी साम्य

शार्ङ्गधर संहितेनुसार पेयेसाठी तांदळाच्या १४ पट, यवागूसाठी ६ पट व विलेपीसाठी ४ पट जल घेतात. मंडात सिक्थ (शिते) नसतात, पेयेत अल्प असतात. घरगुती तंडुलपेयात १४ पट जलात शिजविलेला तांदूळ वाटून गाळला जातो. म्हणजे प्रमाण पेयेचे व स्वरूप मंड आणि पेया यांच्या मधले.

तंडुलोदक मात्र वेगळे. १ पल (४८ ग्रॅम) कुटलेले तांदूळ ८ पट जलात भिजवून, चोळून ते पाणी घ्यावयाचे असते. त्यास अग्निसंस्कार नसतो. पुष्यानुग चूर्णाचे मधासह अनुपान म्हणून ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पुष्यानुग चूर्ण लिहून देताना ‘तांदळाचे धुवण’ असे स्पष्ट सांगावे, अन्यथा रुग्ण त्याऐवजी हे शिजविलेले पेय घेतो. तंडुलोदक प्रत्येक वेळी ताजे व उकळून गार केलेल्या पाण्यात करावे.

घटकद्रव्ये (सुमारे १ लिटर पेयासाठी)

१. जुना तांदूळ (किमान १ वर्षाचा) – १०० ग्रॅम
२. जल – १४०० मि.लि.
३. मोड आणून वाळविलेल्या नाचणीचे न भाजलेले पीठ – ५ ग्रॅम (सपाट १ लहान चमचा)
४. सैंधव – चिमूटभर
५. वेलदोडा किंवा सुंठ – रुचीप्रमाणे

नवा तांदूळ गुरू व अभिष्यंदी असल्याने टाळावा. सुवासिक तांदूळ घेण्याचे कारण नाही. चिकट जातीचा तांदूळ मात्र घेऊ नये, पेय तारयुक्त होते.

निर्माणविधी

१. तांदूळ तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावेत व स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे करावेत. नंतर मंद आचेवर, रंग किंचित पिवळसर होईपर्यंत भाजून जाडसर कण्या काढाव्यात. भर्जनाने तांदूळ लघू होतो व पेयाचा चिकटपणाही कमी होतो.

२. जाड बुडाच्या पातेल्यात जल उकळून त्यात कण्या घालाव्यात व अर्धवट झाकण ठेवून ३० ते ४० मिनिटे मंद आचेवर पूर्ण शिजवाव्यात.

३. पातेले उतरवून मिश्रण ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे. याच वेळी नाचणीचे पीठ थोड्या पाण्यात कालवून मिसळावे व झाकून २० मिनिटे ठेवावे. मोडाच्या धान्यातील अमायलेज हे विकर शिजलेल्या पिष्टाचे विघटन करते. दाट मिश्रण पाहता पाहता पातळ होते व साखर न घालता मधुरता येते. धान्याच्या या गुणाचा उपयोग बालकांची पेज पातळ तरीही पोषक करण्यासाठी कसा होतो, यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात महत्त्वाचे कार्य झाले आहे. उकळत्या मिश्रणात पीठ घातल्यास विकर नष्ट होते. बाजारातील भाजलेले नाचणी सत्त्वही या कामी उपयोगी पडत नाही. नाचणीऐवजी जवाचे मोड घेता येतात, परंतु गव्हाचे ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णास जव वर्ज्य आहेत.

४. मिश्रण वाटून मलमलीच्या फडक्यातून गाळावे. उकळून गार केलेले जल घालून एकूण प्रमाण १ लिटर करावे.

५. सैंधव व वेलदोडा घालून पुन्हा ५ मिनिटे उकळावे. ही पायरी वगळू नये. मोडाच्या पिठातील जंतूंचा नाश व विकराची क्रिया थांबविणे, असे दोन हेतू यात आहेत.

काही ठिकाणी कच्चे तांदूळ भिजवून, वाटून, गाळून तसेच पिण्यास सांगितले जाते. कच्चे पिष्ट दुर्जर आहे, ते तळाशी बसते व मंदाग्नीच्या रुग्णास आध्मान आणि अतिसार उत्पन्न करते. तो विधी आम्ही त्याज्य मानतो.

साठवण

शिजविलेल्या तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. पदार्थ कोमट अवस्थेत राहिल्यास ते वाढतात, व त्यांचे वांतिकारक विष पुन्हा उकळल्याने नष्ट होत नाही. म्हणून पेयाचे भांडे गार पाण्यात ठेवून त्वरित निववावे, २ तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे व ४८ तासांत संपवावे. उन्हाळ्यात शीतकपाट नसलेल्या घरी रोज लागेल तेवढेच करावे. तळाशी साका बसणे स्वाभाविक आहे. आंबट वास, तार किंवा बुडबुडे दिसल्यास पेय टाकून द्यावे.

गुणविचार

तंडुलपेय मधुर रसाचे, लघू, तृष्णाहर, ग्लानिहर व अनुलोमन आहे. गोदुग्धाचे दहा गुण ओजाच्या गुणांशी समान असल्याने ते ओजोवर्धक होय. त्यांतील स्निग्ध, गुरू, पिच्छिल व बहल हे गुण या पेयात नाहीत किंवा नाममात्र आहेत. हाच भेद आधुनिक परिमाणांत पाहू.

१०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ते ८ ग्रॅम प्रथिने व १० मि.ग्रॅ.च्या आसपास कॅल्शियम असते. त्याचे १ लिटर पेय केल्यास, गाळण्यात काहीही वाया गेले नाही असे धरूनही, लिटरभर पेयात याहून अधिक काही येऊ शकत नाही. १ लिटर गोदुग्धात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने व १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. म्हणजे प्रथिने चौथ्या हिश्शाइतकी आणि कॅल्शियम शंभराव्या हिश्शाइतके. स्नेहांश जवळजवळ नाही व जीवनसत्त्व ब-१२ मुळीच नाही. चमचाभर नाचणीने या हिशोबात फारसा फरक पडत नाही. दोन्ही पेले पांढरेच दिसतात, आणि फसगत नेमकी तेथेच होते.

बालकांविषयी विशेष सावधानता

आमच्याकडे १४ महिन्यांचे एक बालक त्वचाविकारासाठी आणले गेले. दुधाने खाज वाढते अशा समजुतीने दोन महिन्यांपासून त्याचे दूध बंद करून तांदळाचे पेय चालू होते, आणि ते बाळास ‘हलके’ म्हणून कोणीतरी सुचविले होते. बालकाचे पोट भरत होते, ते रडत नव्हते; मात्र वजन तेथेच थांबले होते व पायांवर किंचित सूज होती. आम्ही त्वचेच्या औषधाआधी वजनाची नोंद पालकांसमोर ठेवली व बालकास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले.

असे प्रसंग इतरत्रही नोंदले गेले आहेत. अमेरिकेतील अटलांटा येथील २२ महिन्यांच्या एका बालकास तांदळाच्या पेयावर ठेवल्याने तीव्र क्वाशिओरकोर झाल्याचा वृत्तांत २००१ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याही बालकाच्या इतिहासात त्वचाविकार व दूध न सोसण्याची समजूत होती. दुष्काळ नव्हता, दारिद्र्याचा प्रश्न नव्हता. केवळ एका पांढऱ्या द्रवाच्या जागी दुसरा दिला गेला होता.

दुसरा मुद्दा अकार्बनी आर्सेनिकचा. भाताचे पीक ते जमीन व पाण्यातून इतर धान्यांपेक्षा अधिक शोषते आणि कोंड्यात त्याचे प्रमाण अधिक असते. वजनाच्या मानाने बालकाच्या पोटात त्याचा भाग मोठा जातो. याच कारणास्तव ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००९ मध्ये, लहान मुलांना दुधाऐवजी तांदळाची पेये देऊ नयेत असा सल्ला दिला. तेथे ५ वर्षांखालील मुलांसाठी तो आजही लागू आहे. तांदूळ धुतल्याने आर्सेनिक काही अंशी कमी होते. पण पेयात शिजविलेले पाणी टाकले जात नसल्याने पूर्ण बचाव होत नाही.

स्तन्याच्या अभावी बालकास शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे असे वाग्भटाचार्य सांगतात. तेथेही पर्याय म्हणून मंड किंवा पेया सांगितलेली नाही. आजच्या काळी १ वर्षाखालील बालकाच्या बाबतीत हा निर्णय बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावा. सहा महिन्यांनंतर पूरक आहारात तांदळाची पेज अवश्य असावी. ती डाळ व तुपासह, स्तनपानाच्या जोडीने द्यावी, स्तनपानाच्या जागी नव्हे.

कोणास द्यावे, कोणास देऊ नये

दूध ‘पचत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णात प्रथम कारण शोधावे. केवळ अग्निमांद्य असल्यास सुंठ घालून उकळलेले, सम जलयुक्त दूध अल्प मात्रेत सोसते का पाहावे. दुग्धशर्करा न पचणाऱ्या प्रौढांना ताक बहुधा सोसते. दुधाची खरी अॅलर्जी असल्यास मात्र दूध व दुग्धजन्य पदार्थ पूर्ण वर्ज्य करावे लागतात. अशा प्रौढांना, तसेच स्वेच्छेने दूध सोडलेल्यांना हे पेय १५० ते २०० मि.लि. मात्रेत देता येते. ज्वरानंतर, संसर्जनक्रमात व अरुचीत ते उपयुक्त आहे. अतिसारात ते पथ्यकर असले तरी जलसंजीवनीची जागा घेत नाही.

प्रमेही रुग्णास हे पेय नित्य देऊ नये. पिष्टाचे शर्करेत रूपांतर झाल्याने रक्तशर्करा लवकर वाढते. मधुरता साखर न घालता आली, हे येथे समाधानाचे कारण नाही.

जे प्रौढ दूध पूर्णतः सोडतात त्यांच्या पथ्यपत्रकात डाळी, भुईमूग, नाचणी व तीळ यांचा समावेश लेखी असावा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. व तेवढ्याच तिळात १२०० मि.ग्रॅ.हून अधिक कॅल्शियम असते. ब-१२ साठी तपासणी करून स्वतंत्र योजना करावी.

अनुपान म्हणून विचार

अश्वगंधा, शतावरी यांसारख्या द्रव्यांना दुग्ध अनुपान सांगितले असता त्याजागी तंडुलपेय चालेल का, असे औषधालयांत विचारले जाते. दुग्ध येथे वाहन असून स्वतः बृंहण कार्यही करते. क्षीरपाकात १ भाग द्रव्य, ८ भाग दूध व ३२ भाग जल घेऊन क्षीरावशेष ठेवतात. त्यातील स्नेहांश हे त्या कल्पनेचे मर्म आहे. तंडुलपेयात केलेला पाक क्षीरपाक होत नाही. दूध वर्ज्य असल्यास प्रकृती व व्याधी पाहून घृत, मध वा कोष्ण जल यांची योजना वैद्याने करावी. घृतही वर्ज्य असलेल्या अॅलर्जीच्या रुग्णात हे विशेष ध्यानात ठेवावे.

औषधालय चालकांसाठी

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत दूध ही संज्ञा सस्तन प्राण्यांच्या दुधापुरती आहे, व वनस्पतिजन्य पेयांच्या वेष्टनावर दुग्धवाचक संज्ञा वापरण्याविरुद्ध प्राधिकरणाने २०२१ मध्ये निर्देश दिले होते. घरगुती स्वरूपाचे पेय बाटलीत भरून ‘तांदळाचे दूध’ या नावाने विकणे म्हणूनच इष्ट नाही. तसेच शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा, २००३ च्या सुधारणेसह, २ वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी मातेच्या दुधाचा पर्याय म्हणून कोणत्याही पदार्थाचा प्रचार करण्यास प्रतिबंध करतो. पेयाची चौकशी करणाऱ्या ग्राहकास ‘कोणासाठी हवे आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर ‘बाळासाठी’ असे आल्यास विक्री थांबवून वैद्याकडे पाठवावे.

उपसंहार

तंडुलपेय सुलभ, अल्पमोली व सुपाच्य आहे, आणि त्याचे मूळ आपल्याच कृतान्नवर्गात आहे. ज्वरमुक्त रुग्णाच्या हाती ते द्यावे, दूध न सोसणाऱ्या प्रौढास द्यावे. परंतु ते लिहून देताना पथ्यपत्रकावर ‘पेया’ असेच लिहावे व ‘बालकांच्या दुधाऐवजी देऊ नये’ ही ओळ खाली जोडावी, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधालय चालकांना आमची विनंती आहे.