नवा लॅपटॉप, मुका लॅपटॉप

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घरी मराठीच बोलतो, पण दहावीनंतर मराठीत काही लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि मुद्द्याकडे लक्ष द्या. मुद्दा कामाचा आहे, कारण आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर आवाज गेलेला नाहीतर सारखा हँग होणारा एक तरी लॅपटॉप सापडतोच.

मागच्या जूनमध्ये बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला ५२,००० रुपयांचा लॅपटॉप घेऊन दिला. हप्ते अजून चालू आहेत. चार दिवसांतच लक्षात आलं की कोरा करकरीत असूनही हा सुरू व्हायलाच दोन मिनिटं घेतो. एका सीनियरने सल्ला दिला, "फॉरमॅट मार, मक्खन चालेल." मीही शहाणी! सगळं पुसून विंडोज ११ नव्याने टाकून मोकळी झाले. लॅपटॉप खरंच पळायला लागला, पण मुका झाला. स्पीकर बंद, माइकही बंद. आणि शुक्रवारी इंटर्नशिपचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, तोही स्क्रीन शेअर करून कोड लिहायचा.

रस्त्यावरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यांनी दोन मिनिटं बघून निदान केलं, "मदरबोर्ड गेलाय, साडेआठ हजार होतील." बाहेर येऊन बाबांना फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार होते? म्हटलं, एक रात्र आपणच झगडून बघू. त्या रात्री जे शिकले ते इथे लिहितेय.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. विंडोज एक भाषा बोलते, आवाजाची चिप दुसरी. मधला दुभाष्या गैरहजर असेल तर दोघंही ठणठणीत असून संवाद बंद. म्हणून आवाज गेला की आधी दुभाष्या शोधायचा, मदरबोर्डावर आळ नंतर घ्यायचा.

आवाजासाठी काय करायचं, क्रमाने

१. सोप्या गोष्टी आधी. म्यूटचं बटण चुकून दाबलं गेलंय का? टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट कुठे निवडलंय ते बघा. कधीकधी आवाज एचडीएमआयला किंवा शेजारणीच्या खोलीत राहिलेल्या ब्लूटूथ हेडफोनला जात असतो!

२. रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे बिघाडही जपला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

३. ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोन लावून बघा. त्यांच्यात आवाजाची स्वतःची चिप असते. त्यातून आवाज आला तर विंडोज ठीक आहे, घोळ आतल्या चिपचा किंवा तिच्या ड्रायव्हरचा आहे. माझ्या रूममेटच्या ब्लूटूथ इअरफोनमधून आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला.

४. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळ्या खुणेचं काही दिसतंय का? माझ्याकडे 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' अशी ओळ पिवळी खूण लावून बसली होती. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, आणि तिथे हार्डवेअर आयडीज निवडा. 'व्हेन' या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १००२ म्हणजे एएमडी आणि ८०८६ म्हणजे इंटेल. हो, तोच मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमधला आपला ८०८६!

५. आता माझी खरी चूक. मी तोवर रिअलटेकचा ड्रायव्हर तीनदा टाकला होता. दरवेळी तो 'यशस्वी' म्हणायचा आणि आवाज काही यायचा नाही. कारण इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रिअलटेकची चिप थेट विंडोजला दिसत नाही. मध्ये इंटेलचं 'स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' नावाचं दार असतं, आणि त्या दारालाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो. दारच बंद, तर आतल्या माणसाला हाक कशी ऐकू जाणार? पिवळ्या ओळीवरचा ८०८६ मला हेच सांगत होता.

६. म्हणून क्रम असा ठेवा: लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपल्या नेमक्या मॉडेलचं पान उघडा. आधी चिपसेट, मग स्मार्ट साउंड, रीस्टार्ट, आणि शेवटी रिअलटेक. एएमडीवाल्यांनीही आधी चिपसेटच टाकावा. विंडोज अपडेटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली 'ऑप्शनल अपडेट्स' असतं, तिथेही कधीकधी हवा तो ड्रायव्हर वाट बघत असतो.

७. एखाद्या अपडेटनंतर आवाज बिघडला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाच्या चिपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. आवाज येतोय पण खरखर होतेय, तर साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करून बघा.

रात्री दीड वाजता रीस्टार्ट केलं आणि अर्धवट राहिलेलं गाणं फुल व्हॉल्यूममध्ये सुरू झालं. अख्खा मजला जागा झाला. सकाळी रेक्टर मॅडमनी बोलावलं होतं, पण तो वेगळा लेख होईल. असो.

आणि स्पीडचं काय?

खरं सांगू? फॉरमॅटची गरजच नव्हती. नवा लॅपटॉप पहिले काही दिवस मागे अपडेट उतरवत असतो, फाइल्सची अनुक्रमणिका बनवत असतो. थोडा दम धरायचा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि बघायचं की नक्की काय भरलंय: प्रोसेसर, मेमरी की डिस्क. निदान आधी, औषध मग.

'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये नको ती मंडळी बंद करा. सोबत फुकट आलेला ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा डिफेंडर आहेच, आणि दोन पहारेकरी एकाच दारावर एकमेकांना अडवतात. चार्जर लावलेला असताना पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. डिस्क गच्च भरू देऊ नका.

लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवून वापरू नका. खालच्या जाळ्या बंद झाल्या की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ही हॉस्टेलची सगळ्यात कॉमन चूक आहे. मी पाट वापरते, आईने फराळाच्या डब्यासोबत दिलेला.

मेमरी सारखी भरत असेल तर टास्क मॅनेजरमध्येच मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' बघा. दोनपैकी एकच स्लॉट वापरात असेल तर दुसऱ्यात तेवढ्याच क्षमतेची रॅम टाकल्यावर दोन रस्ते उघडतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला याचा जास्त फायदा, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं. पण आधी वॉरंटीच्या अटी वाचा.

'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' किंवा 'रजिस्ट्री साफ' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून चार हात लांब राहा. आणि फॉरमॅट करायचंच असेल तर आधी ड्रायव्हर जपून ठेवा. विंडोजमध्येच 'पीएनपीयूटिल' नावाची कमांड आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिला 'एक्स्पोर्ट ड्रायव्हर'चा पर्याय द्या, म्हणजे बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये कॉपी होतात. ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. मी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर हा लेखच झाला नसता!

इंटर्नशिप मिळाली नाही. पण ती आवाजामुळे नाही, रिकर्शनमुळे गेली. दिवाळीला घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, "म्हणजे जवळजवळ तीन हप्ते वाचवलेस की!" मग थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या वेळी मात्र फोन कापू नकोस. पैसे नसले तरी बोलता येतं."

तर मंडळी, लॅपटॉप मुका झाला तर आधी दुभाष्या शोधा. आणि घाबरलात तर माझ्या खोलीचं दार ठोठवा. फक्त रात्री दीडला नको.